आवड घडते, म्हणून बदलतेही

‘मला भाजी आवडतच नाही,’ असे विशीतली मुले स्वभाव सांगावा तशी सांगतात. मग डब्यातली दोडक्याची भाजी तशीच परत जाते आणि रात्री नूडल्सवर भागते. गोडाची ओढ आणि कडूचा तिटकारा उपजत असतो, हे खरे. पण बाकीची आवड बरीचशी सवयीने घडते. नावडती चव थोडी थोडी, पुन्हा पुन्हा चाखली की रुचू लागते. मिठाचा दाखला बोलका आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तरुणांनी काही महिने कमी मिठाचे जेवण घेतले, तेव्हा त्यांना सूपमध्येही आधीपेक्षा कमी मीठ आवडू लागले.

‘तरुणपणी सगळे पचते’ हा युक्तिवाद फसवा आहे, कारण रक्तदाब आणि साखर गाजावाजा न करता वाढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातली जवळपास दर चौथी स्त्री जादा वजनाची आढळली. पुरुषांचे प्रमाणही फारसे मागे नाही. वसतिगृहातल्या मुलांना पर्याय कुठे आहे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. मेस आणि कॅन्टीन बदलल्याशिवाय नुसता उपदेश व्यर्थ ठरेल. तरीही मोडाची मटकी, केळी, ताक खिशाला परवडते. नावडत्या भाजीचे दोन घास रोज खावेत आणि जिभेला काही आठवडे द्यावेत. तेवढा वेळ दिला, तर पथ्याची सक्ती करावी लागणार नाही.