मज्जातंतू व स्नायू यांची तपासणी

हातापायांतील शक्ती कमी होऊ लागली म्हणजे मनुष्य प्रथम थकव्यास दोष देतो, मग वयास, आणि अखेरीस भीतीने गप्प बसतो. डॉक्टरांनी ‘नसांची तपासणी करून घ्या’ असे सांगितले, की घरात ‘करंट देतात म्हणे’ अशी कुजबुज सुरू होते व तारीख पुढे ढकलली जाते. ही तपासणी आम्ही स्वतः करून घेतली आहे. ती कशी असते व तिच्यापासून काय कळते, हे आपल्या न्यासाच्या कुटुंबांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मेंदूची आज्ञा मज्जारज्जूतून मज्जातंतूत व तेथून स्नायूत उतरते. हात दुबळा झाला तर बिघाड मज्जारज्जूतील पेशींत, तंतूत, तंतू व स्नायू यांच्या सांध्यात किंवा खुद्द स्नायूत असू शकतो. वरून ही दुखणी पुष्कळदा सारखीच दिसतात. उपाय मात्र निरनिराळे. बिघाडाची जागा शोधणे हेच या तपासणीचे काम होय.

तिचा पाया जुना आहे. विजेने बेडकाच्या पायाचा स्नायू आखडतो, हे इटलीतील गॅल्व्हानी यांनी 1791 साली प्रसिद्ध केले. तंतूतील संदेशाचा वेग मोजताच येणार नाही, असे जर्मनीतील म्युलर यांचे मत होते. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी 1850 साली बेडकाच्या तंतूत तो मोजला. तो सेकंदास सुमारे 27 मीटर भरला. पुढे 1929 साली एड्रियन व ब्राँक यांनी बारीक सुईने स्नायूतील वीज टिपण्याची रीत काढली.

आमच्या उजव्या हातातून खडू निसटू लागला व अंगठा आणि तर्जनी यांमधील मांस ओसरले, तेव्हा डॉक्टरांस मज्जारज्जूतील पेशींच्या आजाराचा संशय आला. तो आजार पसरत जाणारा. त्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून तपासणीस गेलो.

प्रथम हात उबदार करून घेतात, कारण थंड तंतूचा वेग मंदावतो. तळहाताच्या कडेस पट्ट्या चिकटवून मनगटापाशी विजेचा धक्का दिला, तशी करंगळी आपोआप उडाली. धक्के हळूहळू वाढवितात. शेवटचे एकदोन चांगलेच झोंबले. तथापि प्रत्येक धक्का सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. मग तसाच धक्का कोपरापाशी. हिशेब शाळेतलाच आहे : मनगटापासून स्नायूचे उत्तर 3 मिलिसेकंदांत आले व कोपरापासून 7 मिलिसेकंदांत, आणि मधले अंतर 24 सेंटिमीटर असले, तर वेग सेकंदास 60 मीटर. निरोगी हातात तो साधारण 50 च्या वर, पायात 40 च्या वर असतो. तंतूवरील वेष्टण बिघडले तर वेग घटतो. तंतूच मेले तर उत्तर लहान येते.

दुसरा भाग सुईचा. या सुईतून वीज सोडत नाहीत. ती फक्त ऐकते. निरोगी स्नायू विसाव्यात मुका असतो. तंतू तुटलेला स्नायू दोन-तीन आठवड्यांनी आपण होऊन टपटप करू लागतो. ‘बोट दाबा, अजून जोर लावा,’ असे डॉक्टर सांगत, तसा यंत्रातून लाह्या फुटल्यासारखा आवाज येई. सुई फिरविताना दुखते व जागा एकदोन दिवस ठणकते. सांध्याच्या विकाराचा संशय असल्यास सेकंदास दोन-तीन धक्के ओळीने देतात. उत्तर लहान होत गेले तर मायस्थेनियाचा संशय बळावतो, आणि त्यावर औषधे आहेत.

आमचा वेग कोपरापाशीच एकदम घटलेला आढळला. मान, पाठ व पाय यांतील स्नायू मुके होते. तंतू कोपरात दबला होता. शस्त्रक्रियेनंतर पूर्वीइतकी शक्ती आली नाही. खडू मात्र हातात राहतो.

अहवाल हा अंतिम निकाल नव्हे. अतिबारीक तंतूंचा बिघाड त्यात उतरत नाही, म्हणून तो चांगला आला तरी लक्षणे राहिल्यास डॉक्टरांस पुन्हा भेटावे. मधुमेह व कुष्ठरोग यांतही तंतू बिघडतात. ते असल्यास लपवू नये.

जाताना स्नान करून जावे. अंगास तेल वा मलम लावू नये. कपडे सैल असावेत. उपाशी राहण्याचे कारण नाही. हृदयात पेसमेकर असल्यास किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी सांगावे. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. स्त्रियांनी सोबत घरातील एखादी स्त्री न्यावी.

दबलेल्या तंतूस जितका उशीर, तितकी भरपाई कमी. तेव्हा आपल्या घरांतून कोणास असा सल्ला मिळाला, तर ‘करंट’ या शब्दास भिऊन दिवस घालवू नयेत. रुग्ण एकटा जाण्यास कचरत असेल, तर त्याच्याबरोबर कोणी तरी जावे. आम्हांस हाक मारली तरी आम्ही येऊ.