नाकातील पेशी आणि तुटलेला मज्जारज्जू

पाठीच्या कण्याला दुखापत होऊन कमरेखालील भाग लुळा पडलेल्या रुग्णांचे नातेवाईक आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारतात : “स्टेम सेलचे इंजेक्शन दिले, तर हा पुन्हा उभा राहील का?” या प्रश्नामागे बहुधा वर्तमानपत्रातील एखादे कात्रण असते, आणि कधी कधी जमीन किंवा दागिने विकण्याची तयारीही असते. म्हणून या अहवालात या विषयाची थोडी सविस्तर ओळख करून देणे आम्हाला आवश्यक वाटले. त्यासाठी आम्ही ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील ग्रिफिथ विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक ॲलन मॅके-सिम यांच्या संशोधनाचा आधार घेतला आहे. मॅके-सिम हे मूळचे घ्राणेंद्रियाचे अभ्यासक. मज्जारज्जूच्या दुरुस्तीपर्यंत ते पोहोचले ते वासाच्या वाटेने.

मेंदू आणि मज्जारज्जू यांतील चेतातंतू, म्हणजे ज्यांना आपण बोलीत मज्जातंतू म्हणतो ते, एकदा तुटले की पुन्हा जुळत नाहीत, ही समजूत वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ पक्की होती. बोटाची कापलेली नस हळूहळू वाढून पुन्हा जोडली जाऊ शकते. मज्जारज्जूत मात्र दुखापतीच्या जागी पेशींचा एक व्रण तयार होतो, त्यात पोकळी पडते आणि आजूबाजूची काही द्रव्ये तंतूंची वाढ रोखून धरतात. तंतूंना पुढे जायचे असते, पण वाट मिळत नाही.

याला अपवाद आहे तो आपल्या नाकात. नाकपुडीच्या अगदी वरच्या भागात, छताशी, त्वचेचा एक लहानसा पट्टा असतो. वास ओळखणाऱ्या चेतापेशी त्या पट्ट्यात असतात. श्वासाबरोबर येणारी धूळ, धूर आणि जंतू यांना त्या थेट सामोऱ्या जात असल्याने फार काळ टिकत नाहीत. काही आठवड्यांत वा महिन्यांत त्या झिजून मरतात. त्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशींपासून नव्या चेतापेशी जन्माला येतात आणि हा क्रम माणूस वृद्ध होईपर्यंत चालू राहतो. नव्या पेशीपुढे मोठेच काम असते. तिने आपला तंतू वाढवायचा, कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून तो वर न्यायचा आणि मेंदूतील योग्य जागी नेऊन जोडायचा. कोविडच्या साथीत ज्यांचा वास गेला आणि काही आठवड्यांनी परत आला, त्यांनी या भागाची नव्याने घडण्याची शक्ती स्वतः अनुभवली आहे.

या प्रवासात तंतूला सोबत करणाऱ्या पेशींना घ्राण-आवरणपेशी म्हणतात. तंतूंच्या जुड्या त्या आपल्या कवेत घेतात, मेलेल्या तंतूंचा कचरा गिळून टाकतात आणि नव्या तंतूला नाकातून मेंदूपर्यंत वाट मोकळी करून देतात. येथे एक खुलासा करावासा वाटतो. वृत्तपत्रे या साऱ्याला सरसकट ‘स्टेम सेल उपचार’ म्हणतात. वस्तुतः आवरणपेशी या मूलपेशी नव्हेत. त्यांचे काम नवी चेतापेशी बनण्याचे नाही, असलेल्या तंतूला आधार देण्याचे आहे.

या पेशी मज्जारज्जूत नेऊन ठेवल्या तर? लंडनमधील जेफ्री रेसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आवरणपेशींचे रोपण केल्यावर तुटलेले तंतू दुखापतीची जागा ओलांडून वाढले आणि पंजाची हालचाल काही अंशी परत आली. मात्र मेंदूच्या आतून माणसाच्या पेशी काढणे जिकिरीचे असते. आवरणपेशी नाकाच्या अस्तरातही असतात आणि तेथून त्या लहानशा शस्त्रक्रियेने मिळू शकतात, या गोष्टीचा उपयोग मॅके-सिम यांच्या गटाने करून घेतला. रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी असल्यामुळे शरीर त्या नाकारण्याचा प्रश्नही उरत नाही.

ब्रिस्बेनमध्ये २००२ मध्ये मानवी चाचणी सुरू झाली. छातीच्या पातळीवर मज्जारज्जूला पूर्ण दुखापत झालेल्या तीन रुग्णांच्या नाकातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या मज्जारज्जूत सोडण्यात आल्या. तुलनेसाठी आणखी तीन रुग्ण होते; त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली नाही. तपासणी करणाऱ्या वैद्यकांना कोणाला पेशी दिल्या आहेत हे सांगितलेले नव्हते. एका वर्षाचे निष्कर्ष २००५ मध्ये आणि तीन वर्षांचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशींमुळे अपाय झाला नाही, गाठ वा पोकळी झाली नाही. एका रुग्णाच्या स्पर्शज्ञानात थोडी सुधारणा दिसली. पण चालणे तर दूरच, हालचालीत कोणाच्याही फरक पडला नाही. चाचणीचा हेतू सुरक्षितता पाहण्याचाच होता आणि संशोधकांनी त्यापलीकडे काहीही दावा केला नाही. हा संयम आम्हाला निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो. मॅके-सिम यांना २०१७ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. रुग्णांच्या नाकातील पेशी वाढवून आनुवंशिक पक्षाघात व पार्किन्सन यांसारख्या विकारांचा अभ्यास करण्याचे त्यांचे कार्यही तितकेच महत्त्वाचे आहे.

पोलंडमधील व्रोत्सुआफ येथे २०१२ मध्ये झालेल्या शस्त्रक्रियेने मोठी खळबळ उडवली. सुरीहल्ल्यात मज्जारज्जू जवळजवळ पूर्ण कापला गेलेल्या एका गृहस्थाच्या दुखापतीत आवरणपेशी सोडून, घोट्याजवळील नसेचे तुकडे वापरून मधली फट सांधण्यात आली. नंतर ते आधाराच्या चौकटीने पावले टाकू लागले. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर त्यांनी अनेक महिने रोज कित्येक तास व्यायाम केला होता, ही बाब बातम्यांत मागे पडली. शिवाय हा एकच रुग्ण.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बीजिंगमध्ये गर्भातील आवरणपेशी वापरून शेकडो रुग्णांवर, त्यांत परदेशातून आलेल्यांवरही, उपचार झाले. त्यांपैकी सात जणांची बाहेरच्या तज्ज्ञांनी उपचारापूर्वी व नंतर तपासणी केली. त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले : उपयुक्त सुधारणा कोणातही नव्हती आणि काहींना मेंदूच्या आवरणाचा दाह झाला होता. पोर्तुगालमध्ये वेगळी न करता नाकाच्या अस्तराचे तुकडेच मज्जारज्जूत बसवण्यात आले. त्यांतील एका तरुणीच्या पाठीत आठ वर्षांनी श्लेष्मा स्रवणारी गाठ सापडली. अस्तर नाकातले असले म्हणजे ते नाकाचेच काम करत राहणार, हे त्यातून दिसले. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरने याच पद्धतीने पाच रुग्णांवर चाचणी घेतली आणि तिच्यातून लाभ दिसला नाही, हे २००९ मध्ये प्रांजळपणे प्रसिद्ध केले. असे अहवाल छापले जातात म्हणूनच पुढचा रुग्ण वाचतो.

संशोधन थांबलेले नाही. ग्रिफिथ विद्यापीठात जेम्स सेंट जॉन यांचा गट आवरणपेशी नुसत्या सोडण्याऐवजी त्यांचा पुलासारखा सांधा तयार करून बसवण्याच्या मानवी चाचणीपर्यंत पोहोचला आहे. या चाचणीत पेशींच्या जोडीला दीर्घ पुनर्वसनाचीही योजना आहे.

मग आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांनी काय करावे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसाठी होणाऱ्या अस्थिमज्जा-प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार वगळता मूलपेशींचा वापर केवळ चाचणी म्हणूनच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून कोणी मज्जारज्जूसाठी अशा उपचाराचे लाखो रुपयांचे दरपत्रक दिल्यास प्रथम भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीचा क्रमांक आणि नीतिसमितीची मान्यता मागावी. दरम्यान रुग्णाला शय्याव्रण होऊ न देणे, सांधे आखडू न देणे आणि मूत्राशयाची काळजी घेणे हे रोजचे काम सोडू नये. उद्या एखादा उपचार सिद्ध झाला, तरी आखडलेल्या पायांना आणि चिघळलेल्या व्रणांना त्याचा लाभ घेणे कठीण जाईल. ज्यांच्या हाती असे दरपत्रक किंवा संमतिपत्र आले असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी ते आमच्या समाजसेवा विभागात आणून दाखवावे. तेथे ते मराठीतून समजावून सांगितले जाते आणि त्यासाठी शुल्क नाही.