घरबसल्या उपासना

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चला जमणाऱ्यांना ‘मंडळी’ म्हणतात. इथे इंग्लंडमधल्या आमच्या चर्चमध्ये उपासना इंटरनेटवर दाखवणे चालू ठेवावे की नाही, यावर वाद झाला तेव्हा मला हाच शब्द आठवला.

उपासना घरी ऐकण्याची सोय तशी जुनीच. लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमधून बीबीसीने ६ जानेवारी १९२४ रोजी रेडिओवर उपासना ऐकवली होती. पण मार्च २०२० मध्ये कोविडमुळे चर्चे बंद झाली आणि लहानसहान चर्चेही पडद्यावर आली. त्या ईस्टरला कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी आपल्या स्वयंपाकघरातून उपासना चालवली.

याचा खरा लाभ अंथरुणाला खिळलेल्यांना झाला. त्यांना आपल्या पाळकांचा आवाज पुन्हा ऐकू आला. म्हणून कॅमेरा काढू नये, असेच मी बैठकीत म्हटले.

तरी उणिवा आहेतच. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दहा घरांतून एका तालात गीत गाता येत नाही. प्रभुभोजनाची भाकर पडद्यातून हाती येत नाही. इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत, असे रोमन कॅथलिक चर्चने २००२ सालीच सांगितले होते. शिवाय चर्चमधला रिकामा बाक सर्वांना दिसतो. घरी कोणी पाहणे सोडले तर कोणाला पत्ताही लागत नाही.

तेव्हा कॅमेरा असू द्यावा, पण पडद्यावर उपासना पाहणाऱ्यांच्या घरी आपल्यापैकी कोणीतरी आठवड्यातून एकदा, निदान चहाला तरी, जाऊन यावे.