अर्धस्वयंचलित रायफल : यंत्र आणि कायदा

लातूर जिल्ह्यातील चाकूर येथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने रायफल या भागाला अपरिचित नाही. 1962 च्या भारत-चीन युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागलेली 7.62 मिलिमीटरची ‘एसएलआर’ (सेल्फ-लोडिंग रायफल) ही भारतातील अभिजात अर्धस्वयंचलित रायफल होय. गोळी नळीतून पुढे सरकताना तिच्यामागील तप्त वायूचा अंश नळीच्या बारीक छिद्रातून दट्ट्याला रेटतो, त्यामुळे बोल्ट मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि स्प्रिंगच्या जोराने परतताना तो नवे काडतूस भरतो. प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो. असे शस्त्र सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, आणि शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 6 नुसार कोणत्याही बंदुकीची नळी परवान्याविना आखूड करण्यासही मनाई आहे. लोकांच्या जीविताचे रक्षण हौसेहून मोठे आहे, हेच त्यामागील योग्य तत्त्व होय.