यूपीएसच्या पोटातले रसायन

घरच्या संगणकासाठी यूपीएस घेताना 'बॅकअप किती मिनिटांचा?' हा प्रश्न हटकून विचारला जातो आणि खोक्यावरचा 600 व्हीए हा ठळक आकडा पाहून समाधान मानले जाते. परंतु व्हीए हा व्होल्ट आणि अँपिअर यांचा केवळ गुणाकार असून यूपीएस प्रत्यक्षात किती शक्ती पुरवू शकेल हे वॅटच्या आकड्यावरून कळते, आणि 600 व्हीएच्या अनेक यूपीएसमध्ये तो जेमतेम 360 असतो. संगणक, मॉनिटर आणि राउटर यांची एकत्रित गरज या दुसऱ्या आकड्याच्या बरीच आत असावी; लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला जोडूच नये, कारण कागदावर टोनरची भुकटी पक्की करणारा त्याचा भाग तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो.

सुरक्षिततेचा खरा प्रश्न बॅटरीचा आहे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये घडवलेली शिसे-आम्ल बॅटरी आजही बहुसंख्य घरगुती यूपीएसमध्ये 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तास अशा सीलबंद रूपात असते. ती प्रमाणाबाहेर चार्ज झाल्यास आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन तयार होतात. एरवी ते आतच पुन्हा एकत्र येतात, पण दाब वाढला की झडप उघडून वायू बाहेर पडतो, आणि हवेत हायड्रोजनचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की एक ठिणगीही पुरते. म्हणूनच यूपीएस बंद कपाटात ठेवणे धोक्याचे असते. शिवाय 25 अंश सेल्सिअसच्या वर तापमान दर 10 अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा ठोकताळा विदर्भातल्या ग्राहकाने तरी विसरू नये. बॅटरीचे पोट फुगलेले दिसल्यास ती ताबडतोब बदलावी.

शिशाऐवजी लिथियम बॅटरीचा पर्याय समोर आला, तर 'लिथियम' या शब्दाला भुलण्याचे कारण नाही आणि बिचकण्याचेही नाही, कारण तो एकच पदार्थ नव्हे. काही लिथियम बॅटऱ्यांतला कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र फार तापला की ऑक्सिजन सोडतो आणि आगीला आतूनच खतपाणी मिळते. लोह फॉस्फेटच्या धनाग्रात मात्र ऑक्सिजनचे अणू फॉस्फरसशी घट्ट बांधलेले असल्याने ते सहजासहजी सुटत नाहीत. आतील द्रावण ज्वलनशील असते हे खरे, तरी आग भडकण्याचा धोका पुष्कळच कमी होतो. लोह फॉस्फेटच्या धनाग्राची ओळख करून देणारा 1997 चा शोधनिबंध टेक्सास विद्यापीठातून आला. त्यावर पहिले नाव ए. के. पाधी यांचे, दुसरे के. एस. नंजुंडस्वामी यांचे आणि शेवटचे जॉन गुडइनफ यांचे होते. गुडइनफ यांना 2019 मध्ये लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी नोबेल मिळाले, ते योग्यच झाले. पण पहिली दोन नावे भारतातही क्वचितच घेतली जातात, ही उपेक्षा खटकणारी आहे.

नवी खरेदी असेल आणि जास्तीची किंमत परवडत असेल, तर लोह फॉस्फेटसाठीच बनवलेला यूपीएस अधिक चांगला. शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेल्या जुन्या यूपीएसमध्ये मात्र, केवळ 12 व्होल्टचे लेबल जुळते म्हणून, लिथियम बॅटरी बसवू नये. दोहोंच्या चार्जिंगची पद्धत वेगळी असते.