आजार गेला, मग धाप का लागते?

पिंजलेला कापूस मुठीत घट्ट दाबावा आणि मूठ सोडावी, की तो पुन्हा फुलून येतो. परभणीसारख्या कापसाच्या मुलखात हे लहान पोरालाही ठाऊक असते. हाच कापूस भिजला, की त्याचा जड लगदा होतो. गादीत वर्षानुवर्षे दबून राहिला, की त्याच्या गाठी होतात. आपली फुप्फुसेही अशीच हलकी, फुलणारी. कोरोनाने अनेकांची फुप्फुसे आधी भिजवली आणि काहींच्या फुप्फुसांत गाठीही पाडल्या.

कळमनुरीचे राजीव सातव आठवा. कळमनुरी आज हिंगोली जिल्ह्यात असली, तरी १९९९ पर्यंत ती परभणी जिल्ह्यातच होती. एप्रिल २०२१ मध्ये राज्यसभेच्या या तरुण सदस्याला कोरोना झाला. त्यातून ते सावरले असे वाटत असतानाच न्यूमोनियाने घेरले, सायटोमेगॅलो नावाच्या दुसऱ्या विषाणूचा संसर्गही आढळला आणि १६ मे रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, ते गेले. कोरोना गेला म्हणजे धोका टळला, असे नसते, हे त्या दिवशी साऱ्या मराठवाड्याला कळले.

असे का व्हावे? आपल्या फुप्फुसांत ३० कोटींहून अधिक वायुकोश, म्हणजे हवेचे चिमुकले फुगे, असतात. त्यांची भिंत केसाच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही पातळ. तिच्यातूनच प्राणवायू रक्तात उतरतो. या भिंतीची डागडुजी करणाऱ्या पेशी असतात आणि कोरोनाचा विषाणू नेमका त्यांच्यातही शिरतो. म्हणजे चोराने आधी गवंड्यालाच गाठावे, तसे!

मग शरीराची फौज धावते. संरक्षक पेशी रसायने सोडतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि वायुकोशांत पाणी भरते. यालाच दाह म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये दिसणारे दुधी काचेसारखे डाग ते हेच. गंमत नव्हे, पण विचित्र गोष्ट अशी, की रोगी बहुधा आठवड्यानंतर, विषाणू ओसरत असताना, अधिक खालावतो. चोर निघून गेला तरी फौजेची तोडफोड चालूच! म्हणूनच जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन हे दाह शमविणारे जुने, स्वस्त औषध उपयोगी ठरले. कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यू त्याने सुमारे एकतृतीयांशाने घटले. मात्र प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ दिसला नाही. तेव्हा असली औषधे आपल्या मनाने घेण्याची नव्हेत.

दाह शमल्यावर दुरुस्ती सुरू होते. गुडघा फुटला की तेथे वण उरतो. तसेच फुप्फुसातही चिवट तंतू विणले जातात. ते जास्त झाले, की पातळ भिंत जाड आणि ताठर होते. श्वास घेतला तरी फुप्फुस पुरते फुलत नाही, आणि माणूस चार पायऱ्यांत दमतो. समाधानाची गोष्ट ही, की बहुतेकांचे हे डाग काही महिन्यांत विरत जातात. थोड्यांच्या बाबतीत, विशेषतः ज्यांना आजार तीव्र झाला होता त्यांच्यात, वण टिकून राहतो. गादीच्या गाठी पिंजारी मोकळ्या करतो. पक्का झालेला वण पुसून टाकणारे औषध मात्र आजही नाही.

‘रिपोर्ट निगेटिव्ह आला ना? मग आता कसले झोपून राहता?’ हे वाक्य त्या काळात कित्येक घरांत बोलले गेले. बोलणाऱ्याच्या मनात माया होती, पण ऐकणाऱ्याच्या छातीत वण होता. अशी धाप महिनोन्‌महिने टिकली, तर तो आळस समजू नये. छातीच्या डॉक्टरांकडून फुप्फुसांची क्षमता मोजून घ्यावी, त्यांच्या सल्ल्याने चालणे आणि श्वासाचे व्यायाम हळूहळू वाढवावेत, विडी-सिगारेट कायमची सोडावी. आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर घरचे माणूस थांबले, तर त्याला हाक मारून घाई करू नये; आपणही क्षणभर त्याच्यासोबत थांबावे.