मागची डावी सीट

नव्या ई-क्लासचा ताबा घ्यायला कुटुंब शोरूममध्ये येतं. गाडीवरचं रेशमी कापड ओढलं जातं, फोटो निघतात आणि मग मालक गाडीकडे चालत जातो. त्या वेळी मी त्याच्या हाताकडे पाहत असतो. तो आधी कोणतं दार उघडतो? पुण्यात गाड्या हवाली करण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. या एका गाडीच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: मागचं डावं. स्टिअरिंगपाशीही तो जातो, पण नंतर, आणि अनेकदा मुलाने हट्ट केला म्हणून.

जर्मनीत ही गाडी घेणारा माणूस सहसा स्वतःच ती चालवतो. आपल्याकडे या किमतीच्या सेडानचा मालक मागे बसतो आणि पहिलं मत तिथेच बनवतो. मर्सिडीज-बेंझने हे ओळखून २०१७ साली उजव्या स्टिअरिंगची लांब ई-क्लास खास भारतासाठी आणली. लांब ई-क्लास त्याआधी चीनमध्ये होती, पण तिचं स्टिअरिंग डावीकडे. सध्याची पिढी आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३,०९४ मिमी आहे आणि एकूण लांबी ५,०९२ मिमी. युरोपातल्या साध्या ई-क्लासमध्ये हेच अंतर २,९६१ मिमी आहे. फरक जेमतेम तेरा सेंटीमीटरचा, पण तो जवळजवळ सगळा मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे येतो. त्याच वर्षी जुलैमध्ये बीएमडब्ल्यूनेही ५ सीरिज लांब करूनच आणली, तिचं अंतर ३,१०५ मिमी. मागच्या डाव्या सीटसाठी दोन मातब्बर जर्मन कंपन्या मिलिमीटर मोजत आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पुणेकरांचा या गाडीवर थोडा हक्कही आहे. १९९४ साली डाइम्लर-बेंझ आणि टेल्को यांची भागीदारी झाली आणि १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात पहिली भारतीय ई-क्लास तयार झाली. ती डब्ल्यू-१२४ पिढीची. त्या काळात काम केलेले आमचे ज्येष्ठ सहकारी सांगत, की लोक इंजिनाबद्दल काही विचारतच नसत. ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीतून उतरलेला माणूस या गाडीचं दार उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा लावायचा. तो भरीव, दबका आवाज त्याला परत परत ऐकायचा असे. मात्र युरोपात त्याच वर्षी ई-क्लासची पुढची पिढी आली होती. परदेशी ये-जा असलेल्या ग्राहकांच्या ते ताबडतोब लक्षात आलं आणि सुरुवातीची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. इथला मालक नीट पाहून घेतो, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं. पुढे २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला आणि आजची लांब ई-क्लासही तिथेच जोडली जाते.

आता पडद्यामागचं. मालकाचं पहिलं मत ज्यावर बनतं ते निम्मं काम आदल्या संध्याकाळी झालेलं असतं. कारखान्यातून गाडी ट्रेलरवर चढते तेव्हा टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा असते. गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली तर टायर खालून चपटे होऊ नयेत म्हणून. ही हवा ठरलेल्या मापावर आणायची राहिली तर गाडी पहिल्याच रस्त्यावर कडक लागते, आणि मालक घरी जाऊन सांगतो, ‘एवढे पैसे दिले आणि धक्के बसतात.’ एकदा बसलेलं ते मत नंतर हवा कमी करूनही सहज पुसलं जात नाही. म्हणून हवा मी दुसऱ्याच्या भरवशावर सोडत नाही. गेज घेऊन चारही टायर स्वतः तपासतो. बॅटरी, सीटवरची प्लास्टिकची आवरणं, दाराच्या कडांवरची फिल्म, दोन्ही किल्ल्या, धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी हे सगळं यादीत असतंच. पण ज्या सीटवर उद्या मालक बसणार तिथे मी आज बसतो. पायापाशी हात फिरवतो, पडदे वर-खाली करतो, एसीचा झोत कुठे येतो ते पाहतो.

दुसऱ्या दिवशी पूजा. आमच्याकडे नारळ गाडीवर फुटत नाही, बाजूला फुटतो, आणि गुरुजींनाही आता ते ठाऊक झालं आहे. भारतातल्या लांब ई-क्लासवर जुन्या पद्धतीचा उभा तारा बॉनेटवर टिकून आहे. हार हमखास त्याच्यावर येतो. तारा ढकलला तर कलतो आणि पुन्हा उभा राहतो, त्यामुळे त्याची काळजी नाही. काळजी असते खाली लोंबणाऱ्या झेंडूची. पुढच्या बंपरमधले पार्किंगचे सेन्सर झाकले गेले की समोर काही नसताना गाडी टीं-टीं करू लागते. एका आजींना तो आवाज शुभ वाटला. त्या म्हणाल्या, ‘वाजू दे रे, घंटा आहे ती.’ मी हार थोडा वर घेतला आणि आजींच्या हातात घंटा दिली. हळद-कुंकवाच्या स्वस्तिकाबद्दल मात्र मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो: कोरड्या फडक्याने पुसू नका. बारीक कण रंगावर घासले जातात आणि उन्हात त्या रेघा आयुष्यभर दिसतात. भरपूर पाणी, मग मऊ ओलं कापड, तेही त्याच दिवशी.

मराठवाड्यातल्या मर्सिडीजची गोष्ट आमच्या धंद्यात अजून सांगितली जाते. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. स्टेट बँकेने ७ टक्के व्याजाने कर्ज दिलं. शहराचं नाव देशभर गाजलं. छोट्या शहरांमध्येही असा ग्राहक आहे, हे कंपन्यांना त्या दिवसाने शिकवलं. त्याच सुमारास ट्रॅक्टरसाठी शेतकऱ्याला याहून बऱ्याच चढ्या व्याजाने कर्ज मिळत होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा ते लिहिलंही. मी गाड्या देणारा माणूस आहे, तरी ही दुसरी बाजू सांगितल्याशिवाय तो किस्सा मी कधी पुरा करत नाही.

मागच्या सीटकडे परत येतो. कागदावर तिचे गुण मोठे आहेत. पाठ ३६ अंशांपर्यंत मागे झुकते, मांडीखालचा आधार ४० मिमी पुढे येतो, एका बटणाने समोरची डावी सीट पुढे सरकते. पण मालक पहिल्यांदा बसल्यावर यातलं काही बोलत नाही. तो आधी गप्प बसतो, पाय लांब करतो आणि मग शेजारच्या दाराच्या काचेकडे पाहतो. पडदा वर गेला की चेहरा सैलावतो. नाशिककडचे एक द्राक्ष बागायतदार होते. त्यांनी मोठ्या स्क्रीनकडे, ॲम्बियंट दिव्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. एप्रिलचं ऊन होतं. मागच्या दोन्ही पडद्यांचं बटण त्यांनी पुन्हा पुन्हा दाबलं आणि म्हणाले, ‘मुंबईला जाताना ऊन एका बाजूने येतं, परत येताना दुसऱ्या. आता दोन्ही वेळा झोप लागेल.’ दर आठवड्याला मुंबई गाठणाऱ्या माणसासाठी यापेक्षा महत्त्वाचं काय असणार?

गाणं हा दुसरा क्षण. बुर्मेस्टरचे १७ स्पीकर ऐकवायला आमच्याकडची मुलं ढोल-ताशाचं किंवा इंग्रजी काहीतरी लावतात. सांगलीच्या एका निवृत्त प्राध्यापकांसाठी मुलाने ही गाडी घेतली होती. ते म्हणाले, ‘भीमसेनांचा अभंग लावा.’ लावला. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘तानपुऱ्याची जवारी ऐकू येते.’ तेव्हापासून मी स्वतः गाणं दाखवतो तेव्हा आवाज मोठा करत नाही. शांत गाणं हळू आवाजात लावतो. गाडी बंद काचांआड किती शांत आहे, हेही त्यातूनच कळतं.

वयस्कर माणसांची अडचण मात्र खरी असते. सेडान खाली असते. एसयूव्हीतून उतरताना माणूस सरळ पाय टेकतो, इथे वर उठावं लागतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई किंवा सासू घरात असेल, तर मी आधीच म्हणतो, त्यांना घेऊन या, दोनदा बसवा, दोनदा उतरवा, मग पैसे भरा. बाजारात आली तेव्हा या गाडीच्या ई-२०० मॉडेलची एक्स-शोरूम किंमत ७८.५ लाख होती. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के रस्ता कर. एवढ्या पैशांची गाडी आईला उतरताना कष्ट देत असेल, तर त्या घरासाठी ती चुकीची गाडी आहे. विक्री हातची गेली तरी चालेल. पार्किंगचंही तसंच. मुंबईत आणि आता पुण्यातही अनेक सोसायट्यांत गाड्या एकावर एक चढवणारं यांत्रिक पार्किंग असतं. पाच मीटरच्या वरची गाडी त्यातल्या कित्येक पाळण्यांत बसत नाही. टेप घेऊन मोजून या, हे वाक्य मी बुकिंगच्या कागदाआधी बोलतो.

आणि आता ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं, तो माणूस. ड्रायव्हर. फोटो निघत असताना तो दूर उभा असतो. चहा त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो. मालक या गाडीत आठवड्यात काही तास बसतो, ड्रायव्हर दिवसभर. म्हणून गाडी समजावून सांगण्याचं काम मी दोन भागांत करतो, आणि ड्रायव्हरचा भाग आधी, मालक यायच्या आधी, मोकळ्या आवारात.

त्याचं पहिलं मत बनतं उजव्या हाताच्या दांडीवर. आपल्याकडच्या मारुती, ह्युंदाई, इनोव्हा या गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या दांडीवर इंडिकेटर असतो. मर्सिडीजमध्ये तिथे गिअर आहे. इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डाव्या बाजूला, एकाच दांडीवर. वर्षानुवर्षं इनोव्हा चालवलेला हात वळण आलं की सवयीने उजवी दांडी दाबतो आणि चालती गाडी न्यूट्रलमध्ये जाते. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही. मागून साहेब विचारतात, ‘काय झालं?’ आणि अनुभवी ड्रायव्हरच्या कपाळावर घाम येतो. हा त्याचा दोष मुळीच नाही. म्हणून मी त्याला सुरुवातीला वेगळं काही शिकवतच नाही. आवारात फक्त डावीकडे वळ, उजवीकडे वळ, हात डावीकडे. सवय मोडायला वेळ द्यावा लागतो.

मग सिग्नल. गाडी थांबली की इंजिन बंद होतं. ४८ व्होल्टच्या यंत्रणेमुळे ते परत सुरू होतं तेव्हा थरथर जाणवतही नाही, आणि उतारावर धावतानाही ते मध्येच विश्रांती घेतं. वाकडेवाडीच्या सिग्नलला एका ड्रायव्हरदादांनी घाबरून स्टार्टचं बटण दाबायला हात नेला होता. त्यांना समजावलं, ब्रेकवरचा पाय उचला, बस. पुढच्या सिग्नलला ते स्वतःच हसले. स्पीडब्रेकरवर लांब गाडी तिरकी काढायची, हे मात्र मला कुणाला शिकवावं लागलं नाही. ते ज्ञान महाराष्ट्रातल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात आहे. चाकाखालची लिंबंही मी त्यालाच चिरडू देतो. ब्रेक हळूहळू सोडून गाडी इंच-इंच पुढे नेण्याचा पहिला सराव तिथेच होतो, आणि पूजेनंतर पहिल्यांदा गाडी हलवण्याचा मान त्याला मिळतो.

ड्रायव्हरचे प्रश्न मालकापेक्षा नेमके असतात. ‘पंक्चर झालं तर जॅक कुठे?’ ‘साहेब मागे झोपले असताना एसी मागचाच कमी कसा करू?’ ‘साहेबांचा फोन जोडलाय, माझा आला तर सगळ्यांना ऐकू जाईल का?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी सविस्तर देतो, कारण घरचा फोन हा त्याचाही खाजगी असतो.

चिंचवडच्या एका कारखानदारांनी नुकतीच ही गाडी घेतली. गाडीच्या स्क्रीनवर वापरणाऱ्यांची प्रोफाइल करता येतात. सीटची उंची, आरशांचे कोन, नाव. मी सवयीने त्यांचं नाव टाकायला लागलो. त्यांनी थांबवलं. म्हणाले, ‘पुढे रोज कोण बसणार? मी का? त्याचं टाका पहिलं.’ दूर उभे असलेले ड्रायव्हरकाका पुढे आले. मी विचारलं, ‘काका, नाव काय टाकू?’ त्यांनी आधी मालकांकडे पाहिलं, मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण सांगितलं. मी ते तसंच पूर्ण टाकलं. मग त्यांनी सीट स्वतःच्या मापाने लावली, आरसे फिरवले आणि मला म्हणाले, ‘आता हे जपून ठेवायचं बटण दाखवा.’